पाच रात्री, सहा मुक्काम

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आईनं कुणालाही न सांगता शेगावच्या गजानन महाराजांना नवस बोलून ठेवला होता. यंदा नोव्हेंबरच्या शेवटी अकोल्याला तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न निघालं, आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. मी म्हटलं, एकाच फेरीत सगळं उरकून टाकू. अकोला, शेगाव, वाटेत लोणार आणि शेवटी संभाजीनगर. बाबा म्हणाले, "उरकायला ही काय बँकेची कामं आहेत?"

राहण्यासाठी तीस हजार बाजूला काढले. पाच रात्रींवर ते सारखे वाटायचे नाहीत हे मात्र आधीच ठरवलं होतं. दर रात्री मध्यम हॉटेल घेतलं की दर रात्री मध्यमच हाती लागतं: धड घरगुतीपणा नाही, धड चैन नाही. त्यापेक्षा जिथे फक्त पाठ टेकायची तिथे स्वस्तातली खोली, आणि जिथे खोली हाच कार्यक्रम आहे तिथे हात सैल. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं.

मंगळवार, अकोला

रात्रीच्या गाडीनं सकाळी अकोल्यात उतरलो. थंडी होती, पण शाल गुंडाळली की भागेल एवढीच. माझी पहिली चूक इथेच झाली, आणि तीही चांगल्या हेतूनं. पाहुण्यांसाठी मावशीनं कार्यालयाजवळचा अख्खा लॉज घेतला होता. तिथे जिने असतील, कमोड नसेल असं गृहीत धरून मी बाबांसाठी तीन किलोमीटरवरच्या एका बऱ्या हॉटेलात खोली घेऊन ठेवली होती. करासकट २,८०० रुपये, लिफ्ट, कमोड, आंघोळीला खुर्ची. मावशीला कळवायचं राहून गेलं होतं. खरं सांगायचं तर टाळलं होतं.

मांडवात पाय ठेवताक्षणी मावशी समोर. "काहून वं, आमच्या लॉजमधल्या गाद्यांना काटे हायेत का?" हसत हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मंग फोनवर सांगायचं ना. तळमजल्यावर कमोडची खोली ठेवली हाय भाऊजींसाठीच." खरोखरच ठेवली होती. दारावर बाबांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

तोडगा निघाला तो असा: पैसे भरलेत म्हणून बाबांनी हॉटेलात झोपायचं, आई आणि मी लॉजवर. तळमजल्यावरची ती खोली नवरदेवाच्या आत्याला गेली.

लॉजवर तीन खाटांच्या खोलीत आम्ही सातजणी. जमिनीवर गाद्या, दाराच्या हुकावर पाच पैठण्या, एकच आरसा. सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ गरम पाणी मिळेल, तेही बादलीनं, असं मॅनेजरनं दारोदार फिरून बजावलं. रात्री हळदीहून परतल्यावर कुणी झोपेना. बारा वाजता ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी विषय काढला, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं याचा. तिथून दोनपर्यंत मी आमच्या घराण्याचा जो इतिहास ऐकला तो आईनं मला अडतीस वर्षं सांगितला नव्हता. आईचं स्वतःचं लग्न जेवणाच्या पंगतीवरून मोडता मोडता राहिलं होतं म्हणे. आई पांघरुणातून म्हणाली, "झोपा आता."

दहा वाजता बाबांचा फोन येऊन गेला होता. "इथे फार शांत आहे," म्हणाले, पण सूर तक्रारीचा होता. सकाळी सहालाच रिक्षा करून लॉजवर हजर झाले, आणि व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बाकीच्या पुरुषांबरोबर चहा पीत बसले ते थेट अक्षता पडेपर्यंत. २,८०० रुपयांची खोली जेमतेम आठ तास वापरली गेली.

तर माझा अनुभव घ्या: नात्यातलं लग्न असेल तर यजमान देतील तो जानवसा गोड मानून घ्यावा. बरोबर वयस्कर माणूस असेल तर आमंत्रणाच्या फोनवरच स्पष्ट सांगावं की तळमजला लागेल, कमोड लागेल, औषधं ठेवायला फ्रिज लागेल. मागितल्याचा राग कुणाला येत नाही. परस्पर सोय केल्याचा येतो. ऑफिसातल्या कुणाचं लग्न असेल तर मात्र खुशाल आपलं हॉटेल घ्या, तिथे रात्री दोनपर्यंत तुम्हाला कुणी काही सांगणार नसतं.

बुधवार, शेगाव

लग्न दुपारी लागलं. आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी आणि मठ्ठा. त्या भाजीला विदर्भातल्या लग्नाखेरीज ती चव का येत नाही हे मला अजून उमगलेलं नाही. चारची गाडी पकडली. अकोला ते शेगाव पाऊण तासाचासुद्धा प्रवास नाही.

भक्तनिवासाची खोली आगाऊ ठरवता येत नाही, हजर होऊन मागायची, असं फोनवर कळलं होतं. बाबा अस्वस्थ. आयुष्यभर आरक्षणाचा कागद खिशात असल्याशिवाय ते घराबाहेर पडलेले नाहीत. मी बुधवार मुद्दाम निवडला होता. गुरुवार महाराजांचा, त्यात मार्गशीर्षातला पहिला. सकाळी पोचलो असतो तर खोलीसाठी किती थांबावं लागलं असतं कोण जाणे. संध्याकाळी रांगेत अर्धा तास गेला. आधार कार्ड, माणसं किती, अनामत रक्कम, पावती, किल्ली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी पुढे घुसलं नाही. आम्हा पुणेकरांना सवय नसल्यानं बिचकायला झालं.

खोलीत दोन खाटा, एक जादा गादी, पंखा, भिंतीवर महाराजांची तसबीर. टीव्ही नाही, टॉवेल नाही, साबण नाही. आणि फरशी अशी की आईनं बोट फिरवून बघितलं, मग बोटाकडे बघितलं, आणि काहीच बोलली नाही. माझ्या स्वयंपाकघरात हीच तपासणी होते तेव्हा ती गप्प बसत नाही.

बाबांची बॅग उचलायला एक सेवेकरी आले. पांढरे कपडे, टोपी, पन्नाशीचे. प्रत्येकाला "माउली" म्हणत होते, आईला, बाबांना, जिन्यात पळणाऱ्या पोरालासुद्धा. बाबांनी खिशात हात घातला तसे दोन पावलं मागे सरकले. "नाही माउली, सेवा हाय." बोलता बोलता कळलं, बाळापूरकडचे शेतकरी. कापूस वेचणीला आलेला, मजूर मिळत नाहीत, पण सेवेची पाळी लागली म्हणून आठवडाभर इकडे. "कापूस काय, वेचू आठ दिवसांनी." मी मनात हिशोब करत राहिले. हॉटेलात सेवा हा शब्द बिलावर येतो, त्याची टक्केवारी असते.

कराचंही एक सांगून ठेवते. नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या आवारातल्या खोलीचं भाडं दिवसाला हजार रुपयांच्या आत असेल तर त्यावर जीएसटी नाही. आमचं भाडं त्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. पुढे संभाजीनगरला दोन कॉफ्यांचं बिल बघून बाबा म्हणाले, एवढ्यात शेगावला तिघं झोपलो असतो.

एक इशारा. देवस्थानाच्या निवासात उशिरा येऊन मनासारखं वागायची मुभा नसते. नवरा-बायकोला निवांतपणा हवा असेल, मित्रांची टोळी गप्पा मारायला चालली असेल, तर ही जागा नव्हे. केवळ स्वस्त म्हणून तिथे जाणाऱ्यांमुळे दर्शनाला आलेल्याची खोली जाते, हे माझं स्पष्ट मत.

गुरुवार, शेगाव ते लोणार

पहाटे चारला आईनं उठवलं. रांग लागलेली होतीच, पण हलती. दर्शन झालं, नवस फिटला. आई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला. बाबा इकडेतिकडे बघत राहिले.

आईचा गुरुवारचा उपास, त्यामुळे महाप्रसादाला मी आणि बाबाच. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ती गोष्ट डोक्यात घेऊनच माणसं पंगतीला बसतात. आमच्या ओळीत एकाच्याही ताटात शीत उरलं नव्हतं. स्टेशनवरची कचोरीही सोडली नाही. चार घेतल्या, तीन खाल्ल्या, चौथी बाबांनी "वाटेत लागेल" म्हणून ठेवली आणि खामगाव यायच्या आत संपवली.

जीप ठरवली होती. खामगाव, मेहकर, लोणार. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि फुलावर आलेली तूर. दुपारी चारला लोणारात.

इथे मी १,२०० रुपयांचा साधा लॉज घेतला होता, तिघांत एक खोली. विवर बघायला पहाटे निघायचं, रात्री नुसतं पडायचं, हा हिशोब. खोलीत शिरलो आणि गिझर बंद. चादरीवर कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा डाग. खिडकीला पडदा होता, पण खिडकीपेक्षा वीतभर अरुंद. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बॅग जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवली. त्यांचा निषेध असाच असतो.

मी खाली भांडायला गेले. काउंटरवर मालक नव्हते, त्यांच्या घरच्या बाई होत्या. मी चादर, गिझर, पडदा असं एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या आईचा उपास हाय का? गजरा मांगत होत्या मघाशी पोराजवळ." आईनं लॉजच्या पोराला गजरा आणायला सांगितलं होतं हे मला माहीतच नव्हतं. खोलीत टेबलावर तांब्या मांडून पूजा करायचा तिचा बेत होता.

"तांब्या कायले मांडता, आमचा घट मांडेल हाय. या वरती."

लॉजच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. चौरंगावर घट, पाच डहाळ्या, समोर फळं. शेजारच्या तिघीचौघी आल्या होत्या. आईला पाटावर बसवलं, पोथी तिच्याच हातात दिली. आईनं वाचली, खणखणीत आवाजात, चष्मा खोलीवर राहिला असल्यानं निम्मी पाठच म्हणाली. हळदीकुंकू झालं, ओटी भरली. मग नैवेद्याची खीर, पुरी, वरणभात, आणि उपास सोडायला आईला पहिलं ताट. मला आणि बाबांना वेगळं बोलावणं धाडलं. चादर तेवढ्यात बदलून झाली होती. सकाळी आंघोळीला चुलीवर तापवलेल्या पाण्याच्या तीन बादल्या दाराशी आल्या, धुराचा वास असलेल्या.

गिझर मात्र शेवटपर्यंत लागला नाही. या असल्या जागेची शिफारस करावी की नाही, मला कळत नाही. तुम्ही मंगळवारी गेलात तर तुम्हाला फक्त डागाळलेली चादर मिळेल.

शुक्रवार, लोणार ते संभाजीनगर

सकाळी सहाला विवराच्या काठावर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ही वाटी उल्केच्या आघातानं बेसाल्ट खडकात तयार झाली आहे, आणि तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा मोबाइलवर सगळ्यांनी बघितलं असेल; त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आम्हाला दिसलं ते हिरवट, वर धुक्याचा पातळ थर. बाबा वर बसले. आई आणि मी गोमुखाच्या धारेपर्यंत उतरलो. शेजारी एवढं खारं तळं आणि ही धार गोडी, हे आईला फार आवडलं. वर आल्यावर तिनं ते बाबांना तीनदा सांगितलं. दैत्यसूदन मंदिर मात्र सोडू नका, गावातच आहे.

तीनपर्यंत हॉटेलवर पोचायचं असं मी घोकत होते, कारण दोनला खोली ताब्यात मिळते आणि त्या क्षणापासून मीटर चालू. पण वाटेत सिंदखेडराजा लागतं. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा. आई गाडीतून न उतरता पुढे जाणार नव्हती. तास तिथे गेला. जालन्याच्या अलीकडे टायर बसला, त्यात दोन तास. पंचतारांकित हॉटेलच्या दारात उतरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ.

त्या हॉटेलचा हिशोब देते. आठवड्यातल्या इतर दिवसांचा दर ७,४०० होता, शुक्रवार-शनिवारचा ८,४००. वाटतं हजाराचाच फरक. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आणि त्यावर गेलात की १८. म्हणजे ७,४०० ची खोली पडते ७,७७० ला आणि ८,४०० ची ९,९१२ ला. हजाराच्या फरकाचे २,१४२ झाले. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख दोन दिवस मागेपुढे करायला घरचे तयार असतील तर करा. आमचे नव्हते. "लग्न शुक्रवारी साजरं करायचं की सवलतीत?" असं आईनंच विचारलं.

मी माझ्यासाठी तिथे खोली घेतली नव्हती. जादा पलंगाचे तीन हजार सांगत होते, आणि चाळिसाव्या वाढदिवसाला लेक पायथ्याशी घोरत पडलेली हवी कशाला? माझी सोय बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये, रात्रीला १,१००. हे आईला तिथे पोचल्यावर कळलं, आणि पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली.

मग बाबा न्हाणीघरात गेले आणि आतून हाक आली. शॉवर होता तो टबात. टबाची कड माझ्या गुडघ्याच्या वर. गुडघा बदललेल्या माणसानं त्या गुळगुळीत संगमरवरात पाय उचलून आत टाकायचा आणि ओल्या पायानं बाहेर यायचं. लोणारला १,२०० रुपयांत तांब्या आणि सपाट मोरी होती.

मी खाली गेले, या वेळी भांडायला नव्हे, कारण लाज वाटत होती. बुकिंग करताना ऑपरेशनचं सांगायचं हे माझंच काम होतं, अकोल्यात नुकतं शिकले होते. काउंटरवरच्या मुलीनं एकच प्रश्न विचारला, "सरांना आधाराच्या दांड्या लागतील का?" वीस मिनिटांत खोली बदलली. नव्या खोलीत सपाट शॉवर, भिंतीला दांड्या, आत बसायला स्टूल. बादली-मग मागितला तर तोही आला, ट्रेवर ठेवून. पैसे काय विकत घेतात असं कुणी विचारलं तर मी त्या वीस मिनिटांकडे बोट दाखवीन. अशी खोली लॉजच्या मालकाला कितीही माया असली तरी कुठून काढता येणार?

केक कापला. हॉटेलनं पाठवला होता, त्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. १९८५ मध्ये लग्नानंतर दोघं याच शहरात दोन रात्री राहिले होते, एका लॉजवर. त्याबद्दल काही आठवतं का विचारलं. बाबा म्हणाले, "ढेकूण." आई म्हणाली, "दुसऱ्या रात्री नव्हते."

साडेदहाला मी रिक्षानं माझ्या लॉजवर.

शनिवार, अजिंठा आणि एक दिवस काहीच नाही

एकट्या बाईनं स्वस्त लॉज घ्यायचा तर काही गोष्टी बघाव्याच. माझ्या पहिल्या खोलीची कडी ढिली होती. मी बॅगसुद्धा न उघडता दुसरी मागितली. "एकट्याच आहात?" असं दोनदा विचारून झाल्यावर मॅनेजरनं मला काउंटरच्या समोरचीच खोली दिली. मला आधी राग आला, मग रात्री जिन्यात पुरुषांचे आवाज ऐकल्यावर तो उतरला. बायकांनी लिहिलेले अभिप्राय शोधून वाचा, ताऱ्यांकडे बघू नका. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते सरकारी संकेतस्थळावरून उतरवता येतं. भिंती पातळ होत्या. पहाटे पाचपासून "पुणे पुणे पुणे" आणि "जळगाव जळगाव" मला अंथरुणातच ऐकू येत होतं. पण जळगावच्याच एसटीनं जायचं असल्यानं गजर लावावा लागला नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. स्टँडजवळ राहण्याचे फायदे असे जमत जातात.

अजिंठा फाट्यावर उतरायचं, तिथून पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसनं. लेणी सोमवारी बंद असतात, आणि वेरूळ मंगळवारी. या गोंधळात दरवर्षी कुणीतरी ओळखीचं माणूस फसतं.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर नेहमीची गर्दी. मी मात्र या खेपेला रमले ते बाराव्या क्रमांकाच्या लेण्यात, जिथे चित्र नाही आणि फारसं कुणी थांबत नाही. तो विहार आहे, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान. मधे चौक, भोवती बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे, उशाकडची बाजूही दगडाचीच. एका व्यापाऱ्यानं दान दिल्याचा लेख तिथे आहे. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, आणि खर्च करणारा दुसराच कुणीतरी. पाच रात्रींच्या खोल्यांचेच हिशोब करत असल्यामुळे असेल, मी उंबऱ्याशी उभी राहून बघत राहिले: दोन माणसं, सामान ठेवायला जागा नाही, खिडकी नाही, दार चौकात उघडणारं. झोपायला खोली, बसायला सगळ्यांचा मिळून चौक. अकोल्याच्या लॉजचा नकाशा काही निराळा नव्हता.

परत येईपर्यंत संध्याकाळचे सहा. मटणाचा नान-खलिया खायचा होता, पण मार्गशीर्ष आडवा आला. हॉटेलवर गेले तर आईबाबा हिरवळीवर वेताच्या खुर्च्यांवर बसलेले. दिवसभर काय केलं?

"काही नाही," आई म्हणाली. अडतीस वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं असेन. बाबा नऊपर्यंत झोपले होते. ऑपरेशननंतर सलग आठ तास पहिल्यांदा. नाश्ता दोन तास चालला. आईला वाया जायची भीती, म्हणून ती चमचा चमचा घेत सहा फेऱ्या करून आली, शेगावची शिस्त. पैठणच्या एका शेफनं विचारलं, "मावशी, उपमा कसा झालाय?" आईनं खरं सांगितलं, रवा कच्चा आहे. मग धुलाईचं दरपत्रक वाचून तिनं ब्लाउज स्वतः धुऊन सज्जात वाळत टाकला. दुपारी झोप, मग चहा, मग ही हिरवळ. गावात जायला गाडी बोलवू का म्हणून दोनदा विचारून गेले, दोन्ही वेळा बाबा नको म्हणाले.

माझी दुसरी चूक मला तिथे कळली. शुक्रवारची रात्र फुकट गेली होती. साडेआठला पोचून, खोली बदलून, जेवून झोपण्यासाठी मी ९,९१२ रुपये भरले होते. महागडी खोली घ्यायची तर आदल्या रात्री त्याच गावात साध्या ठिकाणी मुक्काम करावा आणि दुपारी दोनच्या ठोक्याला दारात उभं राहावं. दुसऱ्या दिवशी कुठलंही लेणं, कुठलंही देऊळ ठेवू नये.

एक तक्रार दोघांचीही होती: दिवे. पलंगाच्या उशाशी अकरा बटणं. रात्री दोनला बाबांनी उठून एक दाबलं तर पडदे सरकले. शेवटी दाराजवळचं कार्ड काढून सगळाच अंधार केला, आणि एसीही गेला.

रविवार, परत

सकाळी मीही त्यांच्याबरोबर नाश्ता केला, माझे पैसे वेगळे भरून. उपमा छान भाजलेल्या रव्याचा होता. शेफ लांबून आईकडे बघत होता. आईनं मान डोलावली.

बिल नीट वाचा. शनिवारच्या रात्रीच्या जेवणावर सेवाशुल्क लावलेलं होतं. ते सक्तीचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. मी काढायला सांगितलं, त्यांनी वाद न घालता काढलं. अशा महाग खोल्यांच्या हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्के जीएसटी लागतो, तो मात्र द्यावाच लागतो. आणि खोलीतल्या फ्रिजमधली पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग का, यावर भांडू नका. हॉटेलं तशी विकू शकतात असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच म्हटलं आहे. टेबलावरच्या दोन बाटल्या फुकट असतात, त्या प्या.

राहण्याचा सगळा खर्च सत्तावीस हजारांच्या आत बसला. त्यातले जवळजवळ वीस हजार आईबाबांच्या हॉटेलातल्या शेवटच्या दोन रात्रींचे.

पुण्याच्या बसमध्ये आईनं लोणारच्या बाईंना फोन लावला आणि पोचलो नसतानाच पोचलो म्हणून सांगितलं. बाबा खिडकीशी झोपले होते.

सोमवारी हॉटेलकडून अभिप्रायाचा मेल आला. दहापैकी गुण द्या, सुधारणा सुचवा. मी आईला वाचून दाखवला. तिनं आधी गुण विचारपूर्वक नऊ दिले, मग म्हणाली, "खाली लिही. टब काढा, बादली आधीच ठेवा, आणि दिव्याला एक बटण पुरे. उपम्याचं नको लिहूस, त्या पोरानं सुधारलाय."